मदत हवी आहे: २२व्या फ्रेमवर रोल अडकलाय

पूर्ण मॅन्युअल ३५ मिमी एसएलआर फिल्म कॅमेरा, ३६ फ्रेमचा (फोटोंचा) रोल. २२व्या फ्रेमनंतर वाइंडिंग लिव्हर (फिल्म पुढे सरकवणारा दांडा) अर्ध्यावरच घट्ट बसला. जोर लावलेला नाही. लावला तर दातेरी चाकावर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात. तळाचं रिवाइंड बटण (फिल्म परत गुंडाळण्यासाठीचं) दाबून क्रँक (गुंडाळायची मूठ) बाणाच्या दिशेने फिरवला, पण पाव फेरीतच ताठ झाला.

आता चेंजिंग बॅगेत (आत उजेड न येणारी, हात घालून काम करायची पिशवी) मागचं झाकण उघडून फिल्म हाताने सोडवणार आहे. लाल दिवा चालणार नाही, फिल्म पँक्रोमॅटिक आहे, म्हणजे लाल प्रकाशही टिपते. शटरचा पडदा फार नाजूक, म्हणून त्याला हात न लावता फिल्म कडेनेच धरेन.

लिव्हर अर्धा ओढलेला असताना फिल्म काढली तर शटरला धोका आहे का? आधी लिव्हर मोकळा करायचा असेल तर कसा? कृपया नक्की क्रम सांगा, या २२ फ्रेम वाचवायच्या आहेत.