मदत हवी आहे : ब्रेकचा रिकॉल, पण सर्व्हिस सेंटर दाद देईना

मंडळी, माझी बाईक २०२१ ची, इचलकरंजीतनं सेकंडहँड घेतलेली. परवा पन्हाळ्यावरनं उतरताना वाघबीळच्या अलीकडं पुढच्या ब्रेकची लिव्हर थेट ग्रिपला टेकली. मागच्या ब्रेकवर आणि इंजिनवर कशीबशी आणली खाली. सोबत आई होती, ती अजून बोलत नाही माझ्याशी.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं ब्रेक ऑइल बघितलं, लेव्हल बरोबर, गळतीबी नाही. मग कंपनीच्या साईटवर चॅसी नंबर टाकला (सतराच्या सतरा अक्षरं, आरसीवरनं), तर फ्रंट ब्रेकचा रिकॉल निघाला (म्हणजे सदोष भाग दुरुस्त करायला कंपनीनंच गाड्या परत बोलावल्यात)! पत्र बहुतेक पहिल्या मालकाला गेलं असणार.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "वॉरंटी संपली, पैसे पडतील." माझ्या माहितीप्रमाणं रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नाही. मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम ११०अ आहे, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

कुणी कोल्हापुरात असं काम फुकट करून घेतलंय का? जॉबकार्डवर (सेंटरवाले गाडीची तक्रार आणि काम लिहितात तो कागद) काय लिहून घेऊ? आणि गाडी तिथवर चालवत न्यायची का टेम्पोत घालून? माझं तर धाडस होईना.