मागचा पिस्टन नुसता दाबू नये
गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक पॅड (चकतीवर घासून चाक थांबवणारे तुकडे) बदलताना पिस्टन, म्हणजे पॅडला चकतीवर दाबणारा दट्ट्या, सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) दाबून आत ढकलावा, असा सल्ला दिला जातो; तो पुढच्या चाकांपुरता बरोबर आहे. मात्र ज्या गाड्यांत केबलने ओढल्या जाणाऱ्या हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच (पिस्टन व पॅड धरणाऱ्या भागातच) असते, त्यांत बहुधा पिस्टन आतल्या स्क्रूवर चालत असल्याने हँडब्रेक पूर्ण सोडून पिस्टन दाबत असतानाच फिरवावा लागतो. केवळ जोर लावल्यास आतली यंत्रणा निकामी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा बऱ्याच पिस्टनांच्या तोंडावर खाचा असतात आणि पॅडच्या पाठीवरचा लहानसा उंचवटा त्यांतील एका खाचेत नेमका बसावा लागतो. पहिल्या वेळी माझे याकडे दुर्लक्ष झाले आणि पॅड तिरका झिजला.