ट्रेलरमधलं टॉयलेट गळतंय: दुरुस्त करावं की सरळ बदलावं?

धागाकर्ता: गोगलगाय

नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला एक जुना ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतलाय. थंडीभर झाकून ठेवला होता. परवा बाहेर काढून पाण्याचा पंप चालू केला आणि दहा मिनिटांत माझे मोजे ओले! पाणी टॉयलेटच्या मागून येत होतं.

ज्यांनी असलं टॉयलेट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वर फ्लशची टाकी नसते. पायाने दाबायचं पेडल असतं. अर्धं दाबलं की भांड्यात पाणी येतं, पूर्ण दाबलं की तळाची झडप सरकते आणि सगळं थेट खालच्या मैल्याच्या टाकीत पडतं.

गळती ही एक तक्रार. दुसरी म्हणजे भांड्यात पाणी ठरत नाही. रात्री भरून ठेवलं तर सकाळी कोरडं ठणठणीत, आणि मग जो वास सुटतो तो विचारू नका. बायको म्हणते, ट्रेलर विक आणि तंबू घे. शिवाय पेडल दाबलं की अर्ध्यातच लटकतं, हाताने वर उचलावं लागतं.

मी घरच्या नळांचे वायसर बदललेत, कमोड कधी उचललेलं नाही. दुरुस्तीत पडावं की नवीन आणावं? आणि घरातल्यासारखा साधा कमोड बसवला तर काय बिघडेल?

पाना_पक्कड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. घरचा कमोड एका फ्लशला सहा लिटरच्या आसपास पाणी खातो. तुमची टाकी सव्वाशे लिटरची धरली तर वीस फ्लशमध्ये काठोकाठ. बाकी कारणं सांगत बसत नाही, एवढं पुरे.

आता गळती. आधी ती नक्की कुठून होते ते शोधा, खरेदीचं नंतर. पंप बंद, मागची बाजू फडक्याने कोरडी करा, टिश्यू पेपर हाताशी ठेवा. मग पंप लावा आणि पेडलला अजिबात हात न लावता पाच मिनिटं थांबा. एवढ्यातच टिश्यू भिजला तर पाण्याचा व्हॉल्व्ह गेलाय. थंडीत आत पाणी राहिलं असणार. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, प्लास्टिकला ते झेपत नाही. पेडल दाबल्यावरच भिजला तर संशय व्हॅक्यूम ब्रेकरवर. मागच्या बाजूला जरा उंचावर ती छोटी डबी असते, भांड्यातलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ नये म्हणून. हे दोन्ही भाग सुटे मिळतात. पण बुडाशी, जमिनीला टेकतं तिथे ओल असेल तर फ्लँजचं (कमोड खालच्या टाकीच्या तोंडाला जोडणाऱ्या कड्याचं) सील गेलं. मग कमोड उचलण्यावाचून सुटका नाही.

रबरी_शिक्का

पाणी न ठरणं हे बहुतेक वेळा झडपेच्या कडेच्या रबरी सीलचं दुखणं. त्यात कागदाचे कण अडकतात, क्षाराचा थर बसतो. हातमोजे घाला, पेडल धरायला एक माणूस घ्या आणि जुन्या टूथब्रशने सीलची खाच गोल फिरून घासा. मग सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन लावू नका, रबर फुगून वाया जातं. झडप मोकळी झाली की लटकणारं पेडलही पुष्कळदा सुधारतं, नाही सुधारलं तर स्प्रिंग बघा.

तो टूथब्रश नंतर फेकून द्या. लिहायची गरज आहे म्हणून लिहितोय.

चारचाकी_घर

वरच्या दोघांशी सहमत, पण कोणीच जमिनीचं बोललं नाही. लिनोलियमखाली प्लायवूड असतं आणि ते बरीच वर्षं गुपचूप पाणी पितं. कमोडच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. व्हॉल्व्ह काय, तासाभराचं काम आहे. कुजलेल्या फळीवर नवीन कमोड बसवलात तर तो पहिल्याच खडबडीत रस्त्यावर डुलायला लागेल.

गोगलगाय

टिश्यू परीक्षा झाली. पंप लावताच भिजला. व्हॉल्व्हला केसाएवढी चीर आहे. सील घासलं, पाणी रात्रभर ठरलं! तेवढ्यावर खूश होऊन स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत. टाकी रिकामी केली, धुतली, पाणी बंद करून नळ उघडून दाब सोडला आणि कमोड उचलला. एक बोल्ट इतका गंजला होता की करवतीच्या पात्याने कापावा लागला. खाली वीतभर फळी काळी पडलीय आणि कमोडची बोल्टची जागाही तडकलीय. म्हणजे आता नवीनच. काय मापं घेऊ?

पाना_पक्कड

फ्लँजच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, आणि बसायची उंची. ठेंगणी आणि उंच अशी दोन प्रकारची येतात. आधी फळी कापून नवीन घाला, फ्लँज पक्की करा. खाली कमोडसोबत येणारं रबरी सीलच वापरा. सील म्हणून मेणाची कडी घरात ठीक, इथे प्रवासाच्या हादऱ्यांनी ती जागा सोडते. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा, एकच बाजू पिळलीत तर बूड तडकेल. पाण्याचा प्लास्टिक नट हाताने घट्ट, पुढे पाना पाव फेराच. आत वायसर असतो, टेप लागत नाही.

गोगलगाय

फळी बदलली, उंच प्रकारचा कमोड बसवला. दोन दिवस खाली टिश्यू पसरून ठेवला होता, कोरडा.

फक्त एक. भिंतीपासून मागे मोजलं, वर मोजलं, पुढे मोजायचं राहिलं. न्हाणीघराचं दार आत उघडतं आणि आता कमोडला थडकतं.

चारचाकी_घर

बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेऊन दार बाहेर उघडतं करा. प्रवासात उघडू नये म्हणून कडी मात्र घट्ट हवी.

गोगलगाय

केलं. आता ते दार उघडं असलं की फ्रिज उघडत नाही, पण चालेल.