ऑफिसला पांढरा-आकाशी सोडून काय घालावं?

सातपूरकर
वय ४१, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आजवर अंगावर कंपनीचा गणवेश असायचा, म्हणून कपड्यांचा कधी विचारच केला नाही. आता बढती मिळाली. कस्टमर ऑडिट, व्हेंडरकडे जाणं, मीटिंगा, आणि गणवेश बंद. कपाटात बघतो तर पांढरे शर्ट, आकाशी शर्ट, आकाशीवर बारीक रेघा, खाली काळ्या नाहीतर राखाडी पँटी. बायको रोज विचारते, "कालचाच घातला का?"

रंग सावळा, पोट सुटलंय. रेडीमेड पोटावर बसला की बाही लांब होते. पोपटी-नारंगी सुचवू नका, प्लँटवर लोक हसतील. कुठून सुरुवात करू?

भो_नाशिककर
काळा शर्ट घ्या, विषय संपला.

थानवाला
भाऊ, मेन रोडला शर्टिंगच्या काउंटरवर माझं निम्मं आयुष्य गेलं. रेडीमेडचा नाद सोडा, कापड घेऊन शिवा. बाहीचा प्रश्न तिथेच मिटला.

पँटींना हात लावू नका. फक्त एक नेव्ही वाढवा. रंग आणायचा तो शर्टात. सगळ्यात आधी फिका गुलाबी. नाव काढलं की गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं. मी वाद घालत नसे, थान उलगडून सरळ खांद्यावर टाकायचो आणि आरशासमोर उभं करायचो. सावळ्या माणसाचा चेहरा त्याने उजळतो, आणि राखाडी पँटीवर तर तो हमखास जातो. मग फिका जांभळा. गडद हवा असेल तर आमसुली किंवा शेवाळी, पण दोन्ही एकदम नकोत.

रंग अंगावर येईल अशी भीती असेल तर शांब्रे मागा. त्यात ताणा रंगीत आणि बाणा पांढरा, म्हणून रंग आपोआप दबतो. कापडाच्या कडेचा एखादा दोरा ओढून बघा, उभा रंगीत आणि आडवा पांढरा निघाला पाहिजे. चमक असलेलं काहीही नको, ते लग्नाला ठेवा.

कापड दुकानातल्या उजेडात पसंत करू नका. थान घेऊन दारापर्यंत या. पिवळ्या दिव्याखालचा शेवाळी बाहेर उन्हात भलताच निघतो. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

५८ इंची पन्ह्यात, म्हणजे कापडाची रुंदी तेवढी असेल तर, फुल बाहीला साधारण १.६० मीटर लागतं, ३६ पन्ह्यात सव्वादोन ते अडीच. पोट आहे म्हणता, तर आधी शिंप्याला विचारा. सुती असेल तर शिवायच्या आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि शिंप्याच्या नावाने बोटं मोडाल.

येवल्याची_सून
थानवाले काका, ताण्या-बाण्याचं अगदी बरोबर. आमच्याकडे पैठणीत धूपछाँव येते ती अशीच, ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या.

पण काळ्या शर्टाला माझा विरोध आहे. मशीनशॉपच्या धुळीत दुपारपर्यंत त्याची दशा बघवत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये मधला राखाडी शर्टही नको, काखेतला घाम लांबून दिसतो. पांढऱ्यात किंवा गडद नेव्हीत तो झाकला जातो.

अजून एक, माझे मिस्टर ऑडिटरच आहेत म्हणून सांगते. बाहेरची माणसं पहिल्यांदा येणार त्या दिवशी तुमचा आकाशीच घाला. गुलाबी एरवीच्या मीटिंगला. आणि रंगीत शर्ट उलटे करून सावलीत वाळवा. आपल्या गच्चीवरचं ऊन खांद्यावरचा रंग आधी खातं.

सातपूरकर
पगार झाला की मेन रोड. गुलाबी आणि शेवाळी शांब्रे, एक नेव्ही पँट. बायकोला गुलाबी सांगितला तर म्हणाली, "आधी आणा, मग बघू." नेव्हीवर काळे बूट चालतील ना?

थानवाला
चालतील. तपकिरी जास्त शोभतील, पण मग पट्टाही तपकिरी घ्यावा लागेल. आणि शेवाळी घ्याल तो मळकट छटेचा घ्या, हिरवटाकडे झुकणारा नको. नेव्हीवर तो शाळेच्या गणवेशासारखा दिसतो.

भो_नाशिककर
काळ्या शर्टाचं काय वाईट होतं भो 😄