मदत हवी आहे: थायलंडमधल्या चियांग माईच्या धुरात दोन महिने कुठे जावं?

रिटायर होऊन इथे आलो त्याला आता दीड वर्ष झालं, आणि खरं सांगू, मजा आहे, सकाळी वरोरोत मार्केटला पिशवी घेऊन जायचं, भाजीवाल्या आजी बोटांनी भाव सांगतात, कोथिंबीर मुळांसकट मिळते (ही ती मुळं वाटणात घालते, झकास लागतं!), ९० दिवसांचा रिपोर्टपण (परदेशी लोकांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो तो) ऑनलाइन होतो. पण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळतात त्याचा धूर, डोंगर दिसेनासा होतो, गेल्या वर्षी हिचे दम्याने हाल झाले. नेमका तेव्हाच आंब्याचा सीझन 😞 समुद्रकाठी जायचं तर हुआ हिन बरं की क्राबी? दोन महिने भाड्याने, किचन हवंच. कोणी राहिलंय का?