टपालाने आलेले गिटारचे धडे: पेन्सिलच्या खुणा खोडू का?

तारवेडा: क्लीव्हलंडच्या ओआहू पब्लिशिंग कंपनीचे हवाईयन गिटारचे (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) जुने सुटे धडे मिळालेत. मुखपृष्ठं झकास, पण आत पेन्सिलीची गिचमीड आणि स्टेपलरच्या पिना गंजलेल्या. खोडरबर फिरवू?

कागदकिडा: हात लावू नका! माझ्याकडच्या बँजोच्या धड्यात एकाच ओळीखाली तीनदा 'पुन्हा' लिहिलंय. शिकणारा बिचारा तिथेच अडकला असणार. मीही तिथेच अडकतो. पिना ओढू नका, मागचे पाय पातळ पात्याने उघडा, मग काढा. कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होतात. आम्लमुक्त फोल्डर घ्या. लॅमिनेशन केलंत तर बोलणार नाही तुमच्याशी.

तारवेडा: बरं बरं! धडे ज्यातून टपालाने आले ते फाटकं पाकीट टाकून देऊ ना?

जुनीखुंटी: अहो, तेच तर मोलाचं! कॉपीराइटचं साल पुनर्मुद्रणातही तेच राहतं. धडा कधी पोचला ते टपालशिक्काच सांगतो. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीताचं वेड लागलं, त्यातूनच असे धडे खपले. सुरुवातीचे धडे ढिगाने सापडतात, शेवटचे क्वचित. लोक मध्येच सोडायचे की!

तारवेडा: माझ्याकडे पहिले अकरा आहेत. कळलं.