दांडेलीत पहिलीच झिपलाइन, बायको हलकी आहे, मध्येच अडकेल का?

कोल्हापूरकर:
पुढच्या महिन्यात आम्ही दोघं दांडेलीला निघालोय. रिसॉर्टच्या रानात झिपलाइन आहे, म्हणजे पुलीला लटकून तारेवरून घसरत पलीकडे जायचं. दोघांचीही पहिलीच खेप. बायकोचं वजन ४४ किलो. हलकी माणसं तारेवर मध्येच थांबतात म्हणे, खरं का?

रानवाट:
खरं आहे, माझंच तसं झालं. ह्यांच्या आधी मी सुटले आणि पलीकडचा मचाण चार-पाच हातांवर असताना थांबले. तारेला झोळ असतो, त्यामुळे शेवटी थोडा चढ लागतो आणि हलक्या माणसाचा वेग पुरत नाही. मी तर थोडी मागेही घरंगळले. छाती धडधडत होती. तेवढ्यात डोक्यावरून धनेश गेला, त्याच्या पंखांचा सूं-सूं आवाज अजून कानात आहे. मग शिकवल्याप्रमाणे मचाणाकडे पाठ केली, तार धरून हातावर हात टाकत स्वतःला ओढलं. पोचल्यावर ह्यांच्याकडे बघून हात हलवला, तेव्हा कुठे ते सुटले! वहिनींना हे ओढणं आधी जमिनीवर करून बघू द्या. वेगात जाताना मात्र हात पुलीच्या पुढे कधीच नको, बोटं सापडतात.

घाटमाथा:
मांडीचे पट्टे उभं राहूनच आवळून घ्या. पुलीला जोडलेले पट्टे दोन हवेत, एकावर भागवत असतील तर सरळ नाही म्हणा. केस, ओढणी आत खोचा.

कोल्हापूरकर:
रानवाटताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, आधी मीच सुटणार.